भांडं पालथं होईपर्यंत

कॉफी नेमकी कुठे संपते, या प्रश्नावर आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एकदा अख्खी मधली सुट्टी भांडण झालं. विज्ञानाचे मुळे सर म्हणत होते, कॉफी कपात पडली की संपली. मी म्हणत होते, पहिला घोट पोटात गेला की संपली. आणि खिल्लारे मॅडम गळ्यातलं स्टॉपवॉच मुठीत धरून, दुसऱ्या हाताने टेबल बडवत सांगत होत्या, "भांडं घासून पालथं पडल्याबिगर कॉफी संपत न्हाई! कपात पडली की संपली म्हणणाऱ्यानं आधी घरी जाऊन पाहावं, मोरीत कोण बसून राहिलंय ते."

मुळे सरांनी एक वही उघडून तोंडापुढे धरली. आम्ही बायका खो खो हसलो. आमचे शिपाई शेख चाचा चहाची किटली घेऊन दारात उभे होते, तेसुद्धा तोंड फिरवून हसले. त्या दिवशी नियम ठरला तो ठरलाच. घड्याळ सुरू करायचं ते कॉफीसाठी खुर्चीतून उठताना, आणि बंद करायचं ते शेवटचं भांडं पालथं घातल्यावर.

आता कळमनुरीसारख्या गावात कॉफीवरून एवढं रान पेटायचं काही कारण नव्हतं. आमच्याकडे कॉफी म्हणजे चहा न पिणाऱ्या पाहुण्याला द्यायची गोष्ट. दुधात पूड आणि साखर उकळायची, वर जायफळ किसायचं, झालं. बाकी सगळा कारभार चहावर. पण खिल्लारे मॅडमनी एखादी गोष्ट मोजायला घेतली की सबंध शाळेला तिच्यामागे पळावंच लागायचं.

सुमन खिल्लारे आमच्या मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. उंच, काटक, उन्हाने रापलेल्या. साडी कडक इस्त्रीची आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. गळ्यात मंगळसूत्र, शिट्टी आणि स्टॉपवॉच अशा तीन गोष्टी कायम, आणि त्यातलं स्टॉपवॉच सगळ्यात जास्त वापरातलं. मी या शाळेत मराठी शिकवायला आले त्या पहिल्याच दिवशी फाटकात त्यांनी मला थांबवलं. नाव नाही, गाव नाही, थेट म्हणाल्या, "स्टँडवरून इथपर्यंत तुमाला चौदा मिनिटं लागली. मी तुमच्या मागंच व्हते. मला नऊ लागतात. चप्पल बदला." मला असा राग आला! पण पुढच्या आठवडी बाजारात मी बूट घेतले. दहा मिनिटांत यायला लागले, तेव्हा त्यांनी लांबूनच अंगठा दाखवला आणि मी दिवसभर खुशीत होते.

मुख्याध्यापकांनाही सुटका नव्हती. झेंडावंदनाचं भाषण झालं की मॅडम त्यांच्याजवळ जाऊन हळूच सांगायच्या, "सर, अकरा मिनिटं चार सेकंद. तीन पोरी चक्कर येऊन खाली बसल्या. पुढच्या खेपेला सहात बसवा." आणि सर खरंच सहात बसवायचे. मात्र या घड्याळाने त्यांनी कुणाला खाली पाहायला लावलं नाही. एखादी मुलगी शर्यतीत शेवटची आली आणि रडायला लागली, की मॅडमचा आवाज मैदानभर घुमायचा, "बाजूवालीकडं काहून पाहून राहिली? तुझी शर्यत कालच्या तुझ्याशी हाय! काल किती? आज किती? दोन सेकंद खाल्ले तू, लेकरा!" मुलगी डोळे पुसून पुन्हा रेषेवर. त्या खोटं मात्र कधी सांगायच्या नाहीत. शेवटची आलीस तर शेवटची आलीस. "माणूस खोटं बोलते, घड्याळ न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

तर अशा बाईला कॉफीचं वेड लागलं, ते हौसेनं नाही. त्याचं कारण त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितलं होतं, आणि ते कळल्यावर मी या सगळ्या प्रकाराला हसणं सोडून दिलं. म्हणजे हसणं सोडलं नाही, पण हसता हसता मनात धाकधूक राहायला लागली.

मॅडमचे यजमान दादाराव खिल्लारे तहसील कचेरीत टायपिस्ट होते. त्यांच्या बोटांचा वेग तालुक्याला माहीत होता. कचेरीत दक्षिणेकडचे एक साहेब आले होते, ते बदलून जाताना त्यांनी दादारावांना आपलं पितळी कॉफी फिल्टर भेट दिलं. एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक भोकं, त्यात पूड दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि खालच्या भांड्यात काळा अर्क थेंबथेंब उतरू द्यायचा. लग्न झाल्यापासून रोज पहाटे दादाराव उठायचे, फिल्टर लावायचे, आणि मॅडम सहाच्या सरावाला निघताना त्यांच्या हातात कॉफी द्यायचे. बावीस वर्षं. एक दिवस चुकला नाही.

"मला वाटायचं, कॉफी व्हते," मॅडम म्हणाल्या. "सूर्य उगवते तशी. कुणी करावी लागते हे मला ठाऊकच नव्हतं, वैशाली."

मग दोन दिवाळ्यांमागे दादारावांना लकवा आला. बोलणं शाबूत राहिलं, पायही काठीच्या आधाराने चालू लागला, पण उजवा हात गेला. फिल्टर फळीवर जाऊन बसलं. दादाराव पहाटे उठेनासे झाले. जागे असायचे, पण भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मॅडमनी काही म्हटलं की एकच उत्तर, "आता माझ्या हातानं काय व्हतंय?"

"मला कॉफीची पडली न्हाई," मॅडम म्हणाल्या. "मी चहा पिऊन पळीन. पन त्या माणसानं पहाटे उठलं पायजे. त्यासाठी एका हातानं व्हईल अशी कॉफी शोधायची हाय मला. कमी वेळात व्हणारी, कमी तकलीफीची. एकदा का जमली, की उठते का न्हाई पाहतेच मी!"

हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांत रडू वगैरे काही नव्हतं. जिल्हा पातळीच्या सामन्याला निघाल्यावर असायची तीच चमक होती.

मग काय, आमची स्टाफरूम प्रयोगशाळा झाली. क्रीडा विभागाच्या जुन्या रजिस्टरमध्ये मॅडमनी रकाने आखले. पद्धत, घोटापर्यंतचा वेळ, घासण्याचा वेळ, आणि शेवटचा रकाना, हात किती लागले. एक विजेची शेगडी आली, गावातल्या निम्म्या शिक्षकांच्या घरून भांडी आली. मधली सुट्टी वीस मिनिटांची. घंटा झाली की मॅडम शिट्टी फुंकायच्या आणि आम्ही धावायचो.

पहिल्यांदा झाली ती पाकिटातली झटपट कॉफी. गरम पाणी, पूड, साखर, दूध, ढवळलं की तयार. घासण्यासकट तीन मिनिटं! आम्ही टाळ्या पिटल्या. मग मॅडमनी पाकीट डाव्या हातात धरलं आणि आम्हाला म्हणाल्या, "आता फाडून दाखवा." टाळ्या थांबल्या. बाटलीतली आणली तर तिचं फिरकीचं झाकण आडवं आलं. त्यानंतर फेटलेली कॉफी. पूड, साखर आणि चमचाभर पाणी घेऊन मी अशी फेटली, अशी फेटली, की फेस पांढरा होईपर्यंत माझा खांदा उतरला. सोळा मिनिटं, आणि तोवर दूध निवलेलं. मॅडमनी रजिस्टरात लिहिलं, 'नमनाला घडाभर तेल'. जायफळवाली आपली घरगुती कॉफी सात मिनिटांत झाली खरी, पण सांडशीत पातेलं धरून गाळणीवर ओतताना डावा हात लटपटला आणि निम्मी कॉफी मुळे सरांच्या वह्यांवर गेली. दहावीच्या मुलींच्या गुणांवर त्या दिवशी तपकिरी ठिपके पडले.

मुळे सर मात्र आता पेटले होते. हे गृहस्थ एरवी खडू झिजेल म्हणून फळ्यावर बारीक अक्षर काढणारे. पण पुण्याच्या भाच्याकडून त्यांनी दांडा दाबायचं काचेचं भांडं मागवलं. पूड आणि पाणी आत घालायचं, चार मिनिटं थांबायचं, जाळीचा दांडा खाली दाबला की गाळ तळाला आणि कॉफी वर. एका हाताने होत होती! सर विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहायला लागले. "घासा," मॅडम म्हणाल्या. सर नळाखाली उभे राहिले. जाळीच्या प्रत्येक घडीत गाळ. एका हाताने तो निघेना, काच हातातून निसटायची भीती वेगळीच. मधली सुट्टी संपली, घंटा झाली, सर अजून नळाखाली. त्यानंतर त्यांनी तीन भागांचं, एकमेकांत फिरवून घट्ट करायचं, वाफेवर चालणारं भांडं आणलं. ते शेगडीवर गुरगुरायला लागलं तेव्हा शेख चाचा दोन पावलं मागे सरकले. "मॅडम, ये फटेंगा. मैं बोलके रख रा हूँ." फुटलं नाही. पण ते घट्ट करायलाच दोन हात लागत होते. तेवढ्यात लाईट गेली.

"आता घड्याळ थांबवा," मुळे सर म्हणाले.

"काहून? लाईट गेली म्हणून कॉफीची तल्लफ थांबते का?" मॅडम म्हणाल्या. "ही बी तकलीफ वेळेतच धरायची."

आणि मग तो दिवस आला, ज्याची आठवण झाली की आजही मला एकाच वेळी हसू येतं आणि तोंड लपवावंसं वाटतं. मॅडमच्या लक्षात आलं की आम्ही 'एका हाताने' म्हणतो, पण अडलं की दुसरा हात नकळत मदतीला जातो. त्यांनी खेळाच्या कपाटातून तीन पायांच्या शर्यतीच्या पिवळ्या पट्ट्या काढल्या आणि आमचे सगळ्यांचे उजवे हात पाठीशी बांधले. शिट्टी! एकच धांदल उडाली. मी मांडीत डबा धरून झाकण ओढत होते, इतिहासाच्या बाई चमचा शोधत खाली वाकल्या त्या तिथेच अडकल्या, मुळे सरांनी पाकीट दातात धरलं होतं आणि ते एकदम फाटून पूड त्यांच्या मिशीवर. नेमके तेव्हा मुख्याध्यापक दारात.

"काय चाललंय हे?"

मॅडम जराही गडबडल्या नाहीत. "सर, बराबर टायमावर आलात. उजवा हात द्या."

आणि सरांनी दिला! मी माझ्या नोकरीत पाहिलेला सर्वांत मोठा चमत्कार तो. मुख्याध्यापक, उजवा हात पाठीला बांधलेला, डाव्या हाताने दूध ओतून राहिलेत आणि विचारताहेत, "साखर किती?"

त्या गोंधळातून मॅडमना एक गोष्ट सुचली. दुसऱ्या दिवशी त्या एक स्टीलचा डबा घेऊन आल्या. "मटकी भिजत घालतो, डाळ भिजत घालतो. कॉफी काहून न्हाई?" आदल्या संध्याकाळी मलमलच्या पुरचुंडीत पूड बांधून त्यांनी ती थंड पाण्यात बुडवून ठेवली होती. पुरचुंडी उचलून बाजूला, काळंभोर पाणी कपात, वर गरम दूध. सगळं डाव्या हाताने. डबा विसळून पालथा. एक मिनिट पन्नास सेकंद!

"अहो, पण रात्रभर भिजलीय ती!" मुळे सर ओरडले. "तो वेळ कुठे गेला? ही तर सगळ्यात हळू कॉफी आहे!"

मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "सर, पोरगी शंभर मीटर पळते तेव्हा तिनं वर्षभर केलेला सराव तुमी वेळेत धरता का?"

मुळे सरांनी मुकाट्याने आपला कप पुढे केला. मॅडमनी स्टाफरूममध्येच लांब शिट्टी फुंकली आणि रजिस्टरात लाल शाईने लिहिलं, 'प्रथम क्रमांक'. त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या घरी गेल्या नाहीत, पळाल्या. साडी, बूट, डबा आणि सगळं.

तिसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा गळ्यात स्टॉपवॉच नव्हतं.

मला आधी कळेचना की काय वेगळं दिसतंय. मग कळलं. मधल्या सुट्टीत त्यांनी शिट्टी वाजवली नाही. मैदानाच्या पायरीवर बसून राहिल्या. मी शेजारी जाऊन बसले.

झालं होतं असं. शेख चाचा दाढीला गेले होते, तिथे दादाराव भेटले. चाचांच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट कौतुकाने त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. सगळ्या सरांचे हात बांधले, बडे सरांचा पण बांधला, क्या मजा आयी. दुकानातली माणसं हसली. दादाराव घरी आले. मॅडमनी रात्री हौसेने भिजवलेली कॉफी पहाटे समोर ठेवली, तेव्हा ती त्यांनी मोरीत ओतली.

"म्हणाले, माझ्या हातासाठी सगळ्या गावानं हात बांधून घेतले म्हणे. तमाशा झाला का माझा? आन् हे शिळं पानी मला कॉफी म्हणून देऊ नका." मॅडम बुटाच्या नाडीकडे पाहत बोलत होत्या. "वैशाली, मी पोरींना इचारते. तुला शंभर पळायचं का चारशे, लांब उडी मारायची का गोळा फेकायचा. हरेक पोरीला इचारते. आन् या माणसाला मी इचारलंच न्हाई. घड्याळ घेऊन पळत सुटले."

मला रडू आलं. मीही त्या खेळात पट्टी बांधून उभी होते, हसत होते, आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं की ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला काय वाटेल. मी तसं बोलले. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि उठून गेल्या. रजिस्टर कपाटात गेलं. तीन आठवडे आमच्या स्टाफरूममध्ये निमूट चहा चालू राहिला.

मग एका शनिवारी शेख चाचांनी मुळे सरांच्या आणि माझ्या टेबलावर एकेक कागद ठेवला, एक त्यांच्या स्वतःच्या खिशात होता. टाइप केलेला. 'उद्या रविवारी सकाळी सात वाजता आमचे घरी कॉफीस यावे. येताना घड्याळ आणावे. द. खिल्लारे.' कचेरी संगणकावर गेली तेव्हा दादारावांनी आपला जुना टाइपरायटर घरी आणला होता, त्यावर केलेला. समास सरळ, एकही खोड नाही. मॅडमच्या हातातही तसाच कागद होता. त्यावर जास्तीचं एक वाक्य होतं, 'खिल्लारे मॅडम यांनीही उपस्थित राहावे.'

"घरातल्या घरात चिठ्ठी!" त्या म्हणाल्या. किती दिवसांनी तो आवाज चढला होता! "बोलले न्हाई मला, टाइप केलं! आन् टायपिंगचं टेबल सरकवून स्वयंपाकघरात नेलंय. इचारलं तर म्हणतात, उद्या पाहा."

रविवारी मुळे सर, मी आणि अपराधी चेहऱ्याचे शेख चाचा असे तिघे त्यांच्या दारात हजर झालो. घर लहानसं, नीटनेटकं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी मॅडमच्या विद्यार्थिनींनी जिंकून आणलेल्या ढाली. स्वयंपाकघरात ओट्याला लागून ते टायपिंगचं टेबल होतं, जुनं सागवानी, मधोमध एक खण. दादाराव पांढरा सदरा घालून, दाढी करून तिथे उभे. बारीक चणीचा माणूस. उजवा हात सदऱ्याच्या खिशात ठेवलेला. मी त्यांना इतकं नीट कधी पाहिलंच नव्हतं.

"बसा," ते म्हणाले. "म्याडम, घड्याळ."

मॅडमनी पदराआडून स्टॉपवॉच काढलं.

दादारावांनी फळीवरून पितळी फिल्टर काढलं. झालं, माझ्या मनात आलं, दोन हातांशिवाय न होणारी हीच तर पद्धत! त्यांनी टेबलाचा खण अर्धा उघडला, फिल्टरचं खालचं भांडं त्याच्या कोपऱ्यात ठेवलं आणि गुडघ्याने खण ढकलला. खणाची फळी आणि टेबलाची कड यांच्यामधे भांडं गच्च धरलं गेलं. वरचं भांडं डाव्या हाताने त्यावर बसवलं आणि पिळलं. पुडीचा डबाही तसाच खणात अडकवून उघडला. तीन चमचे पूड, वर दाबायची चकती. उकळतं पाणी दांडीच्या पातेल्यातून, कुठेही घाई न करता, एका धारेत.

"हा हात काय नवा न्हाई," झाकण ठेवता ठेवता ते आमच्याकडे न पाहता म्हणाले. "जन्मभर निम्मा कागद यानंच टाइप केला. लोकाला वाटलं उजवाच काम करून राहिला."

मग थेंब पडायची वाट. तो आवाज आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. बाजूला दूध तापत होतं. साय एकदम वर फुगली, मॅडम अर्ध्या उठल्या, तेवढ्यात चाचा हळूच म्हणाले, "बैठो मॅडम." दादारावांनी गॅस बारीक केला. दूध खाली बसलं, मॅडमही बसल्या. आता फिल्टर उघडायचं. गरम पितळ एकमेकांत रुतून बसलं होतं. त्यांनी ओलं फडकं गुंडाळलं, गुडघा लावला, पिळलं. हललं नाही. पुन्हा पिळलं, कपाळावर घाम, मान ताठ. नाही. मुळे सरांचा हात पुढे गेला आणि त्यांनी तो स्वतःच मागे घेतला. मॅडमनी डोळे मिटले. तिसऱ्यांदा दादारावांनी सगळं अंग एका बाजूला टाकलं आणि वरचं भांडं खळ्कन सुटून वर आलं.

चाचा ओरडले, "वा रे भाई!" मी टाळ्या वाजवल्या, मुळे सरांनी माझ्याहून जोरात वाजवल्या. काय सुगंध सुटला होता त्या स्वयंपाकघरात! पहिला कप दादारावांनी मॅडमसमोर आणून ठेवला. त्यांनी घोट घेतला. दुसरा घोट घेताना नाकाचा शेंडा लाल झाला होता, आणि बोट घड्याळाच्या खटक्याकडे गेलं.

"थांबा," दादाराव म्हणाले. "भांडी ऱ्हायलीत."

ते काठी टेकत मोरीपाशी गेले, पाटावर बसले, दोन पावलांच्या मधे फिल्टर धरून डाव्या हाताने घासलं. वरचं, खालचं, चकती, झाकण, पातेली. आमचे पाचही कप मागून घेतले. शेवटी फिल्टर जाळीवर पालथं घातलं. "आता."

खटका वाजला.

"एकेचाळीस मिनिटं, अठरा सेकंद," मॅडमनी वाचलं.

"कितवा नंबर?" दादारावांनी विचारलं.

मुळे सरांनी माझ्याकडे पाहिलं. सतरा पद्धतींचं ते रजिस्टर आम्हा सगळ्यांना पाठ होतं. कुणीही काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती. मीच नेली असती.

"शेवटचा," मॅडम म्हणाल्या.

दादारावांनी मॅडमकडे पाहिलं. आणि मग हसले, असे मोठ्यांदा हसले की पाटावरून उठताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. "बराबर!" ते म्हणाले. "सराव वेळेत धरत न्हाई म्हणे तुमच्यात. तीन आठवडे केला, तुमी शाळेत गेल्यावर. तरी शेवटचा. मंग उद्या पाहू."

रजिस्टर पुन्हा कपाटाबाहेर आलं. त्यात आता एकच पद्धत होती आणि एकच स्पर्धक. रोज सकाळी मॅडम शाळेत आल्या की आम्ही हजेरीच्या आधी तो आकडा विचारायचो. अडतीस. सदतीस. एकदा चव्वेचाळीस, कारण दूध उतू गेलं आणि शेगडी पुसावी लागली. ती तकलीफही वेळेतच. चौतीसवर आल्याच्या दिवशी मुळे सरांनी शाळेला पेढे वाटले. पेढे कशाचे, ते मुलींना कुणी सांगितलं नाही.

पुढे माझी आमच्याच संस्थेच्या पुसेगावच्या शाळेत बदली झाली. सामान आधीच गेलं होतं. मी सकाळच्या पहिल्या बसने निघाले. स्टँडवरून निघालेली बस शाळेच्या मैदानाजवळ थांब्यावर थांबली, आणि मी खिडकीतून पाहिलं. मुलींच्या फेऱ्या चालू होत्या. मॅडम पायरीजवळ उभ्या होत्या, घड्याळ मुठीत, पण नजर मुलींवर नव्हती, फाटकाकडे होती. फाटकातून दादाराव येत होते. डाव्या हातात काठी, खांद्याला थर्मास. मैदानाच्या कडेकडेने, पाय जरासा ओढत, पण चांगल्या वेगाने. मुली त्यांना वळसा घालून पळत होत्या. पायरीशी पोचले तसे त्यांनी हनुवटी वर करून काहीतरी विचारलं. एवढ्या लांबूनही मला कळलं, काय ते.

मॅडमनी उत्तर दिलं नाही. थर्मासच्या झाकणात दादारावांनी ओतलेली कॉफी घेतली आणि उभ्याउभ्याच सावकाश प्यायल्या. कंडक्टरने घंटी मारली, बस हलली. मी मान वळवून पाहत राहिले. मॅडमनी बाटलीतल्या पाण्याने झाकण विसळलं, ते पायरीवर पालथं घातलं, आणि मग घड्याळ दाबलं.